आधी ब्रेक, मग रंग



"माझ्याकडे १९८४ सालची मर्सिडीझ आहे" हे वाक्य ऐकायला फार झकास वाटतं. सासुरवाडीला तर त्याचा चांगलाच उपयोग होतो. प्रत्यक्षात ती गाडी जलीबमध्ये आमच्या बिल्डिंगमागच्या मातीच्या मैदानात उभी असते. तिचा एक दरवाजा बदामी आहे, दुसरा राखाडी प्रायमरमध्ये आहे, आणि बॉनेटवरचा रंग उन्हाने पापड सोलल्यासारखा निघाला आहे. दोन वर्षांहून जास्त काळ ती माझ्याकडे आहे आणि अजून रंग दिलेला नाही. येणारा-जाणारा विचारतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी एक खुलासा. हिला विंटेज म्हटलेलं जाणकारांना खपणार नाही, त्यांच्या हिशेबात विंटेज म्हणजे महायुद्धाच्या आधीची गाडी. ही नुसतीच म्हातारी. मर्सिडीझच्या १२३ मालिकेतली २३०-ई. १९७६ ते १९८६ या काळात या मालिकेच्या जवळजवळ २७ लाख गाड्या बनल्या, म्हणजे दुर्मिळ वगैरे काही नाही. आखातात त्या काळी ही गाडी टॅक्सी म्हणूनही धावायची आणि शेखांच्या दारातही असायची.

माझं हिच्यावर मन बसलं ते एप्रिल २०२० मध्ये. करोनामुळे ६ एप्रिलला जलीब आणि महबूला हे दोन भाग सील झाले. इकडे असलेल्यांना ते दिवस सांगायला नकोत. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून दिसायचं काय, तर रिकामा रस्ता, पलीकडे विमानतळाचं आभाळ (त्यात विमान नाही), आणि खाली धुळीने माखलेली ही गाडी. मालक एक मिसरी शिक्षक. ते रोज संध्याकाळी खाली येऊन इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचे आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे. मी वरून बघत बसायचो.

आणि बघत बसण्याला कारण होतं. माझे बाबा १९७९ ते १९९० कुवेतमध्ये होते. आम्ही चिपळूणला, ते इकडे एकटे. एका कंत्राटदाराकडे मेकॅनिकल फोरमन. १९८८ साली त्यांनी पै-पै साठवून सेकंडहँड १२३ घेतली होती, पांढरी, कार्ब्युरेटरवाली २००. तिच्याशेजारी उभे असलेले बाबा, पांढरी पँट, मोठा गॉगल, असा एक फोटो आमच्या दिवाणखान्यात होता. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा शिरल्या. सप्टेंबरात बाबा बसने बगदादमार्गे अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. गाडी इथेच, हसावीच्या एका गल्लीत लावलेली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाकडे अर्ज केला, तेव्हा देश सोडावा लागल्याबद्दल एकट्या माणसाला ठरावीक ४,००० डॉलर घेता येत, पण ते घेतले की बाकीचे दावे सोडावे लागत. बाबांनी ते घेतले. गाडीचा विषय तिथेच संपला. किल्ली मात्र त्यांनी ठेवली. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या घरातली कागदपत्रं, फोटो सगळं चिखलात गेलं. किल्ली लोखंडाची, ती राहिली.

२०२३ च्या मार्चमध्ये ते शिक्षक कायमचे कैरोला परत निघाले आणि दफ्तरासकट गाडी माझ्या नावावर झाली. किंमत सांगत नाही, सौ. वाचते.

आता खरा मूर्खपणा सांगतो. मी नोकरीने सेफ्टी इंजिनिअर. अहमदीजवळच्या साइटवर दिवसभर लोकांना "आधी परमिट, मग काम" हे घोकायला लावतो. शिडीला टॅग नसेल तर काम बंद करतो. आणि या माणसाने गाडी घेतल्यावर पहिलं काय केलं? १,४०० दिनारचा फंड बाजूला काढला आणि त्यातले २२० दिनार शुक्रवारच्या बाजारात मोठ्या अलॉय रिमवर घालवले, टायरसकट. सल्लागार आमचे चिरंजीव. त्यांची नुकतीच बारावीची परीक्षा संपली होती आणि त्यांनी मोबाइलवर एक चित्र तयार ठेवलं होतं: गाडी काळी कुळकुळीत, स्प्रिंग कापून जमिनीला टेकलेली, काचा काळ्या, चाकं सतरा इंचाची. माझ्या डोळ्यांसमोर बाबांची पांढरी गाडी आणि त्याच्या डोळ्यांसमोर हे. वाद रंगावर चालला होता. ब्रेकबद्दल दोघांपैकी कुणीही चकार शब्द काढला नव्हता.

बाबांनी मात्र पहिल्याच व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "ब्रेकचे होज कधीचे आहेत?" मी म्हटलं, "चांगले आहेत बाबा, पासिंग झालंय." ते म्हणाले, "पासिंगचं नाही विचारलं."

गाडी ब्रेक मारला की थोडी डावीकडे ओढायची. मी अलाइनमेंटवर ढकललं. एकदा पुढचं डावं चाक हाताला चटका बसेल इतकं तापलेलं होतं. मे महिना होता, कुवेतमध्ये मे महिन्यात काय तापत नाही?

त्याच मे महिन्यात एका संध्याकाळी चिरंजीव शेजारी बसलेले, सहाव्या रिंग रोडवरून जलीबच्या एक्झिटला उतरत होतो. पुढे रांग लागलेली, सगळ्यात मागे पाण्याचा टँकर. ब्रेक दाबला, गाडी मंदावली, आणि मग पायाखाली काहीतरी 'फट्' झालं आणि पेडल एकदम खाली गेलं. पूर्ण नाही, पण अर्ध्याहून जास्त. या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांचे ब्रेक वेगळ्या सर्किटवर असतात, त्यामुळे मागचे थोडेफार लागत होते. पण गाडी थांबवण्याचं मुख्य काम पुढचे ब्रेक करतात. मागच्यांच्या भरवशावर टँकर काही लांब राहत नव्हता. या गाडीचा पार्किंग ब्रेक हाताने ओढायचा नसतो, डाव्या पायाने दाबायचा असतो आणि सोडायची कळ डॅशबोर्डखाली असते. मी कळ ओढून धरली आणि डावा पाय जेवढा दाबता येईल तेवढा दाबला. टँकरचा मागचा नळ आणि आमचं बॉनेट यांच्यात एका हाताचं अंतर राहिलं. नळातून पाणी ठिबकत होतं, ते अजून आठवतं.

चिरंजीवांनी दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवले होते. पट्टा लावलेला होता, पण पुढे झुकताना तो अडकलाच नाही, नुसता सैल सुटत गेला. हे त्याने मला घरी आल्यावर रात्री सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि त्यानंतरही बऱ्याच रात्री लागली नाही. पोराला मी स्वतः त्या सीटवर बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकवर चढवून शुवैख इंडस्ट्रियलमध्ये नेली. तिथे एका पेशावरच्या उस्तादाचं छोटं गॅरेज आहे, चाळीस वर्षं जुन्या मर्सिडीझच करतो. त्याने आधी रिमकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलला नाही. मग गाडी लिफ्टवर घेतली आणि चिरंजीवांच्या हातात टॉर्च दिला.

ब्रेकचं आधी सांगतो, कारण हे सगळ्यांना लागू आहे. जुन्या गाडीचा रबरी ब्रेक होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगतो. भोक बारीक होतं. तुम्ही पेडल दाबता तेव्हा जोराने ऑइल आत जातं, पण सोडल्यावर परत यायला वाट राहत नाही. म्हणजे त्या चाकाचा ब्रेक लागलेलाच राहतो. चाक तापतं, गाडी एका बाजूला ओढते. म्हणजे गाडी मला दोन महिने ओरडून सांगत होती आणि मी अलाइनमेंटच्या दुकानाचा पत्ता शोधत होतो. ब्रेक ऑइल काळ्या चहासारखं निघालं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, मग त्याचा उकळबिंदू खाली येतो, आणि सतत ब्रेक मारून तापलं की त्यात वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पेडल जमिनीला लागतं. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, गाडी उभी असली तरीही. उभी असलेली गाडी खराब होत नाही हा आपला फार मोठा गैरसमज आहे.

मग टायर. माझे 'नवीन' टायर. नक्षी एकदम खोल, चकचकीत काळे. उस्तादाने चिरंजीवांना बाजूवरचा चार आकडी नंबर वाचायला लावला: २३१४. म्हणजे २०१४ सालातला तेविसावा आठवडा. नऊ वर्षांचे टायर, त्यातली किती उन्हात गेली देव जाणे. याच देशात मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ ला ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि जागतिक हवामान संघटनेने ते नंतर तपासून मान्य केलं. ते हवेचं, सावलीतलं. डांबराचं वेगळंच. अशा रस्त्यावर म्हातारा टायर ताशी १२०ने फुटला तर ब्रेक नवे असून काय करायचं?

स्टिअरिंगमध्ये तीन बोटं ढील होती. मधल्या आर्मचा बुश पार झिजलेला, टाय रॉडचे टोक हाताने हलत होते. टाकीजवळचा पेट्रोल होज वाकवला तर त्यावर भेगा उघडल्या. या गाडीत कार्ब्युरेटर नाही, बॉशचं जुनं यांत्रिक इंजेक्शन आहे आणि त्या नळ्यांमधून पेट्रोल साधारण ५ बार दाबाने जातं, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. तिथे गळती म्हणजे थेंब नाही, फवारा. आणि सगळ्यात कहर: आधीच्या कुणीतरी डिकीत मोठा अँप्लिफायर बसवला होता. त्याची जाड लाल वायर बॅटरीवरून फ्यूजशिवाय थेट मागे नेलेली, सीटखाली पत्र्याच्या कडेवर घासून तांबं उघडं पडलेलं. अँप्लिफायर केव्हाच गेला होता, वायर जिवंत होती. म्हणजे कुणाची तरी हौस आमच्या बुडाखाली वाट बघत होती. चिरंजीव त्या वायरकडे बराच वेळ टॉर्च धरून उभे होते.

शेवटी उस्तादाने खिशातून लोहचुंबक काढला आणि डाव्या दाराखालच्या पट्टीवर फिरवला. पुढे चिकटला, मध्ये चिकटला, जॅक लावायच्या जागेपाशी पडला. तिथे पत्रा नव्हताच, लांबी भरून वर रंग मारला होता. एसीचं पाणी वर्षानुवर्षं कार्पेटखाली मुरलेलं.

हा गंज का महत्त्वाचा, ते मला नीट कळलं ते चिरंजीवांमुळे. त्याने घरी बसून वाचून काढलं. मर्सिडीझमध्ये बेला बारेनी नावाचा इंजिनिअर होता, त्याने १९५१ मध्ये पेटंटचा अर्ज केला होता: माणसं बसतात ती पेटी कडक हवी, आणि पुढचा-मागचा भाग धडकेत चुरगळणारा हवा, म्हणजे धक्का तिथे जिरतो. आज सगळ्याच गाड्या तशा असतात. पण पेटी कडक राहायची तर दाराखालच्या पट्ट्या शाबूत हव्यात. त्यांच्यातच लांबी भरलेली असेल तर चुरगळायचा भाग आणि माणसांचा भाग यात फरक काय राहिला? आणि स्प्रिंग कापली तर चाकाचा वर-खाली जायचा प्रवास कमी होतो, जलीबच्या खड्ड्यांमध्ये तर पहिल्या दिवशीच आपटणार. हे तो मला समजावत होता, महिनाभरापूर्वी काळ्या गाडीचं चित्र दाखवणारा. मी फक्त मान हलवली. अशा वेळी जास्त बोलू नये.

काम रमतगमत झालं. चिरंजीव पुण्याला इंजिनिअरिंगला गेले आणि २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत परत आले, तोवर गाडी कधी गॅरेजात, कधी मैदानात विटांवर. सुटे भाग थोडे शुवैखच्या दुकानांतून, थोडे भंगारातून. पण ब्रेक, स्टिअरिंग आणि पेट्रोलचा एकही भाग भंगारातून घ्यायचा नाही असा उस्तादाचा दंडक. दाराच्या मुठी, काचेचे हँडल, घड्याळ हे खुशाल भंगारातून घ्या. जूनपासून ऑगस्टअखेर इथे सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करायला बंदी असते, त्यामुळे आमची हजेरी संध्याकाळी सातनंतर. वेल्डिंगच्या दिवशी मी टाकी खाली उतरवल्याशिवाय आणि बॅटरी काढल्याशिवाय हात लावू दिला नाही, दोन अग्निशामक घेऊन उभा राहिलो. उस्ताद म्हणाला, "साहब, परमिट भी बना दो." मी खरंच बनवलं. तो कागद त्याने भिंतीवर लावला आहे.

पट्टे चारही नवे घातले. रेडिएटरच्या तोंडाशी प्लॅस्टिकची मान असते, ती उष्णतेने ठिसूळ होऊन तुटते, म्हणून रेडिएटरही बदलला. एकूण ९४० दिनार. रिम ११० ला गेले, म्हणजे निम्म्या किमतीत, आणि नऊ वर्षांचे ते टायर मी स्वतः कापून टाकले, पुन्हा कुणाला विकले जाऊ नयेत म्हणून. मूळच्या चौदा इंची चाकांवर नवे टायर चढले. फंडात उरलं तेवढ्यात रंग बसत नव्हता. इथे रंग बदलायचा तर मुरूरची परवानगीही लागते, ते वेगळंच.

बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, आपल्याकडे हे असलं चालतं का? मी शोधलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. आणि २०२१ मध्ये विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आले, त्यात पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असावी लागते, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेला चालत नाही. तिकडे असं काही करायचं मनात असलेल्यांनी आधी हे वाचावं, मग स्प्रिंगला हात लावावा.

डिसेंबर २०२४ मध्ये बाबा व्हिजिट व्हिसावर आले. चौतीस वर्षांनी. माझी इच्छा अशी होती की विमानतळावर पांढरीशुभ्र गाडी घेऊन जावं. गेलो ती बदामी आणि राखाडी गाडी घेऊन. (खरं तर रंग करावा म्हणून ऑक्टोबरमध्ये मी कर्जाची चौकशीही केली होती. सौ.ने हाणून पाडली.)

पार्किंगमध्ये बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. रंगाबद्दल एक अक्षर नाही. मग म्हणाले, "मला ड्रायव्हरच्या जागी बसू दे जरा. चालवत नाही, घाबरू नकोस." बसले. इंजिन बंद. पेडल तीन-चारदा दाबलं, मग दाबून धरलं आणि घड्याळाकडे बघत बसले. अर्धा मिनिट. पेडल हळूहळू खाली सरकलं तर मास्टर सिलिंडर गेलेला असतो. सरकलं नाही. तसंच पाय दाबून ठेवून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन चालू होताच पेडल किंचित खाली गेलं आणि थांबलं, म्हणजे बूस्टर ठीक. मग त्यांनी स्टिअरिंग दोन बोटांनी इकडे-तिकडे हलवून पाहिलं, मान हलवली, आणि उतरून शेजारच्या सीटवर जाऊन पट्टा लावला. पट्टा झटकन ओढून अडकतो का तेही बघितलं.

"चल," म्हणाले.

आधी हसावीतून घेतली. त्यांना ती गल्ली दाखवायची होती, पण ती काही सापडली नाही. सगळ्या बिल्डिंगा एकसारख्या, खाली मोबाइलची दुकानं, केरळी हॉटेलं, रस्त्यात खड्डे आणि त्यात पाणी. दोनदा म्हणाले, "हीच असेल." तिसऱ्यांदा म्हणाले, "नसेल, राहू दे." मी हळू चालवत होतो. एक मुलगा सायकल घेऊन अचानक समोर आला, ब्रेक मारला, गाडी सरळ रेषेत जागच्या जागी थांबली. बाबांनी उजवा हात डॅशबोर्डकडे अर्धा नेला होता, तो परत मांडीवर ठेवला.

घराजवळ आल्यावर मी विचारलं, रंग कोणता द्यायचा? चिरंजीव अजूनही काळ्याच्या बाजूने आहेत, पण स्प्रिंगचं नाव काढत नाहीत. बाबा खाली उतरले, मागे गेले, वाकून बघितलं.

"रंगाचं बघू नंतर," म्हणाले, "मागच्या डाव्या टायरमध्ये हवा कमी वाटतेय. उद्या सकाळी आधी ती भरून आण."

चू. भू. द्या. घ्या.
आपला,
जलीबकर